संगणकाविरुद्ध हरलेला डाव कसा वाचावा

संगणकाविरुद्धचा बुद्धिबळाचा डाव संपला की एक कळ दाबताच पडद्यावर आलेख उमटतो, काही चालींपुढे प्रश्नचिन्हे लागतात आणि अचूकतेची टक्केवारी दिसू लागते. नवशिका खेळाडू तो आलेख पाहतो, लाल खुणा मोजतो आणि विश्लेषण झाले असे समजून पुढचा डाव सुरू करतो. प्रत्यक्षात यंत्राने त्याला एवढेच सांगितलेले असते की अमुक चालीनंतर स्थिती इतकी बिघडली. ती चाल त्या क्षणी त्याला बरोबर का वाटली, हे यंत्राला ठाऊक नसते. आणि शिकण्यासारखे जे काही असते ते बहुतेक वेळा तिथेच असते. म्हणून या लेखात समजावण्यासाठी रचलेला एक छोटा डाव घेऊन यंत्राचे आकडे आणि नवशिक्याचा विचार शेजारी शेजारी ठेवून पाहू. शेजारी पट मांडून चाली खेळत वाचल्यास अधिक चांगले.

आधी यंत्र काय करते ते समजून घेतले पाहिजे. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० चाली उपलब्ध असतात: आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. काळ्याकडेही तितकीच उत्तरे असल्यामुळे दोघांची एकेक चाल होईपर्यंत ४०० शक्यता तयार होतात, पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीनंतर त्या ८,९०२ होतात आणि काळ्याच्या दुसऱ्या चालीनंतर १,९७,२८१. ही वाढ याच वेगाने चालू राहते, त्यामुळे कोणताही संगणक डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून काढू शकत नाही. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात यावरचा मार्ग मांडला: ठरावीक खोलीपर्यंत चाली पुढे न्यायच्या, तिथे थांबून समोर आलेल्या स्थितीला गुण द्यायचे आणि दोन्ही बाजू आपापली सर्वोत्तम चाल खेळतील असे धरून ते गुण मूळ स्थितीपर्यंत मागे आणायचे. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे तत्कालीन जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांना ३.५–२.५ असे हरवणारा आयबीएमचा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्टॉकफिश या मुक्त प्रणालीत गुण देण्याच्या कामात २०२० पासून न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकवलेली गणनापद्धत, आले आहे, पण पुढे शोधत जाऊन गुण मागे आणण्याचा गाभा तोच आहे.

हे गुण अधिक-उणे चिन्हांसह दिसतात. अधिक असल्यास पांढरा पुढे, उणे असल्यास काळा पुढे. शिकताना मोहऱ्यांची किंमत ढोबळमानाने प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९ अशी धरतात, आणि पडद्यावरचा आकडा म्हणजे इतक्या प्याद्यांची आघाडी असे समजण्याची रूढी आहे. ती अंदाजापुरती उपयोगी असली तरी काटेकोर नाही, कारण डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून +१.०० या आकड्याचा अर्थ पांढऱ्याची जिंकण्याची शक्यता ५० टक्के असा बांधून घेतलेला आहे. ही शक्यता यंत्र यंत्राशी खेळत असतानाची आहे, हे विशेष लक्षात ठेवावे. नवशिक्याच्या डावात +०.४ आणि +०.९ यांतल्या फरकाला काहीही अर्थ नसतो. दोन-तीन गुणांची उडी दिसली तरच तिथे थांबावे.

आता समोरचा प्रतिस्पर्धी. पूर्ण ताकदीच्या यंत्रापुढे जगज्जेताही टिकत नाही, त्यामुळे नवशिक्यांसाठी त्याला मुद्दाम कमकुवत करतात. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर अशा आठ पातळ्या आहेत. स्टॉकफिशमध्ये कौशल्याचे शून्य ते वीस असे परिमाण आहे आणि ते कमी केले की यंत्र अनेक चाली विचारात घेऊन कधीकधी त्यांतली कमी प्रतीची चाल निवडते. याचा परिणाम असा होतो की ते सहा-सात चाली अचूक खेळते आणि एखाद्या चालीला वजीर उघड्यावर ठेवते. माणूस दमतो, घाबरतो, मोहात पडतो. त्याच्या चुकांना काही कारण असते. या चुकांना तसे कारण नसते, म्हणून ‘त्याने असे का केले असेल’ या प्रश्नावर डोके खर्च करू नये. ‘त्याने असे केल्यामुळे पटावर काय बदलले’ एवढेच विचारावे, आणि ते मात्र प्रत्येक चालीनंतर विचारावे.

डाव असा आहे. पांढरा नवशिका, काळा संगणक. पांढऱ्याच्या बाजूने पाहिल्यास उभ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे ए ते एच आणि आडव्या ओळी आपल्यापासून समोरच्याकडे १ ते ८. नुसते घराचे नाव दिले असेल तर ती प्याद्याची चाल समजावी, आणि × म्हणजे मोहरा मारणे.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, उंट सी५ ४. घोडा जी५, वजीर × जी५ ५. पांढऱ्याचे राजाच्या बाजूचे कॅसलिंग (एकाच चालीत राजा जी१ वर आणि हत्ती एफ१ वर), डी६ ६. डी३, वजीर एच५ ७. घोडा सी३, वजीर × डी१ ८. हत्ती × डी१, उंट जी४ ९. हत्ती ई१, घोडा डी४ १०. घोडा डी५, घोडा × सी२ ११. घोडा × सी७ शह, राजा डी७ १२. घोडा × ए८, घोडा × ए१.

पहिल्या तीन चालींबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. दोन्ही बाजूंनी मध्यावर प्यादे, मग घोडा, मग उंट असा रीतसर आरंभ केला आहे. चौथ्या चालीला मात्र थांबले पाहिजे. घोडा जी५ ही चाल नवशिक्याने कुठेतरी पाहिलेली असते आणि तिच्यामागे खरी कल्पना आहे. एफ७ या घराला सुरुवातीला राजाशिवाय कोणाचाही जोर, म्हणजे संरक्षण, नसतो. सी४ चा उंट आणि जी५ चा घोडा मिळून तिथे दुहेरी दाब आणतात. काळ्याने तिसऱ्या चालीला उंट सी५ ऐवजी घोडा एफ६ खेळला असता तर हीच चाल पूर्णपणे योग्य ठरली असती, आणि सुमारे चार शतकांपासून ती खेळली जात आहे. फरक एका तिरक्या रेषेचा आहे. पहिल्याच चालीत काळ्याचे प्यादे ई७ वरून ई५ ला गेल्यामुळे डी८ वरच्या वजिराला ई७, एफ६ आणि जी५ ही घरे मोकळी झाली. एफ६ वर घोडा असेल तर ती वाट बंद होते. तो नसेल तर जी५ वर आलेला घोडा बिनजोर आहे आणि वजीर त्याला फुकट मारतो.

यंत्र येथे दोन प्रश्नचिन्हे लावून घोडचूक म्हणते आणि त्याऐवजी सी३, डी३ किंवा कॅसलिंग सुचवते. तेवढे वाचून नवशिका ‘चौथ्या चालीला घोडा जी५ खेळू नये’ असा नियम पाठ करतो, आणि पुढच्या डावात काळ्याने घोडा एफ६ खेळल्यावरही ती चाल टाळतो. म्हणजे एक चूक दुरुस्त करताना चांगली चालही हातची जाते. खरे निदान असे की चाल आठवली, तिची अट आठवली नाही. विश्लेषणाच्या वहीत टिपायची गोष्ट ही अट आहे: मोहरा ज्या घरावर ठेवायचा त्या घरापर्यंत समोरच्याचा कोणता मोहरा पोहोचतो, हे हात लावण्यापूर्वी पाहावे.

पाचव्या चालीचे कॅसलिंग ठीक आहे, कारण वजिराचा रोख जी२ वर होता आणि आता त्या प्याद्याला राजाचा जोर मिळाला. त्यावर काळ्याचे डी६ निरुपद्रवी दिसते, पण त्यामुळे सी८ च्या उंटाला एच३ पर्यंतची वाट मोकळी होते. उंट एच३ ला आला तर पुढची धमकी जी२ वर वजिराने मात अशी असते, आणि जी२ चे प्यादे त्या उंटाला मारूही शकत नाही, कारण ते हलले की जी पट्टीतून वजिराचा मारा थेट राजावर येतो. नवशिक्याने येथे डी३ ही उत्तम चाल खेळली. प्यादे सरकताच सी१ च्या उंटाची तिरकी रेषा मोकळी होऊन जी५ वरच्या वजिरावर हल्ला आला. आता काळ्याने उंट एच३ खेळला तर पांढरा सरळ वजीर मारतो आणि मातेची धमकी संपते. अशा चालीपाशीही विश्लेषणात थांबले पाहिजे. ती समजून खेळली गेली की उंटाला वाट द्यायची म्हणून सहज खेळली गेली, हे यंत्र सांगू शकत नाही. सहज खेळली असेल तर त्यातले तंत्र, म्हणजे मधला मोहरा बाजूला करून मागच्याचा हल्ला उघडणे, आता शिकून घ्यावे.

सहाव्या चालीला यंत्राची ती कृत्रिम चूक येते. वजिराला जी६ किंवा एफ६ ही सुरक्षित घरे असताना तो एच५ ला गेला. तिथून डी१ पर्यंत जी४, एफ३ आणि ई२ ही तिन्ही घरे रिकामी आहेत, म्हणजे दोन्ही वजीर समोरासमोर आले. अशा वेळी जोर मोजायचा असतो. पांढऱ्या वजिराला एफ१ च्या हत्तीचा जोर आहे. काळ्या वजिराला कोणाचाही नाही. पांढऱ्याने वजीर × एच५ खेळले असते तर एक घोडा मागे असलेला खेळाडू त्या एका चालीत जवळपास सहा गुणांनी पुढे गेला असता. त्याने घोडा सी३ खेळला, काळ्याने वजिराची अदलाबदल केली आणि एका घोड्याची आघाडी कायम राखली. आलेखात येथे रेषा एकदम वर उसळी मारून लगेच खाली कोसळते, आणि आकड्यांच्या हिशेबात ही संपूर्ण डावातली सर्वांत मोठी चूक आहे.

तरीही शिकण्याच्या दृष्टीने मी तिला पहिले स्थान देणार नाही. तिचे कारण साधे आहे: हल्ला झाल्यावर वजीर सुरक्षित जागीच गेला असणार असे गृहीत धरले गेले आणि नजर आपल्याच न निघालेल्या घोड्याकडे वळली. सरावाने ही चूक लवकर कमी होते. समोरच्याची चाल झाल्यावर त्या मोहऱ्याला नव्या घरी जोर आहे का, एवढे पाहण्याची सवय लावली की निम्मे काम होते.

आठव्या चालीला काळ्याचा उंट जी४ वर येऊन डी१ च्या हत्तीवर हल्ला करतो. येथे नवशिक्याचा हात साहजिकच एफ२ च्या प्याद्याकडे जातो, कारण एफ३ केले की उंटाची वाटही अडते आणि त्यालाच हटावे लागते. पण संगणक ते प्यादे पुढे जाऊच देत नाही, परत जागेवर ठेवतो. अनेकांना तो प्रोग्रामचा बिघाड वाटतो. सी५ च्या उंटापासून डी४, ई३, एफ२ अशी रेषा जी१ वरच्या राजापर्यंत जाते. मधले एफ२ चे प्यादे हलले तर राजाला शह बसेल, म्हणून ती चाल नियमातच बसत नाही. याला पिन म्हणतात. सी५ चा हा उंट तिसऱ्या चालीपासून तिथेच होता आणि पाचव्या चालीला राजा त्याच्या रेषेत येऊन बसला होता, पण ते जाणवायला आठवी चाल उजाडावी लागली. नाकारलेली चाल डावाच्या नोंदीत येत नाही, यंत्राच्या अहवालातही दिसत नाही. ती स्वतः आठवून वहीत लिहावी लागते.

आता दहावी चाल. माझ्या मते या डावाचा गाभा येथे आहे. काळ्याने नुकताच घोडा डी४ खेळला होता. त्या घोड्याचा रोख सी२ वर आहे. तिथले प्यादे बिनजोर आहे आणि तिथे पोहोचलेला घोडा ए१ व ई१ या दोन्ही हत्तींवर एकाच वेळी हल्ला करतो. पांढऱ्याने उंट बी३ खेळला असता तर सी२ ला जोर मिळाला असता. त्याऐवजी त्याने घोडा डी५ खेळला, कारण त्याला सी७ वरचा आपला दुहेरी हल्ला दिसला: तिथून घोडा ई८ च्या राजाला शह देतो आणि ए८ च्या हत्तीवरही रोख धरतो. ही कल्पना चुकीची नाही. नवशिक्याला घोड्याचा दुहेरी हल्ला आपणहून दिसणे ही प्रगतीच आहे, आणि विश्लेषण करणाऱ्या मोठ्या माणसाने हे मुलाला आधी सांगितले पाहिजे.

मग बिघडले कुठे? मोजून पाहू. काळ्याने सी२ चे प्यादे आणि ए१ चा हत्ती घेतला, म्हणजे सहा गुण. पांढऱ्यानेही सी७ चे प्यादे आणि ए८ चा हत्ती घेतला, म्हणजे सहाच गुण. बाराव्या चालीअखेर पटावरची बेरीज पांढऱ्याची २१ आणि काळ्याची २४ येते. फरक तोच, चौथ्या चालीला गमावलेल्या घोड्याचा. मोहऱ्यांची नुसती मोजणी सांगते की या झटापटीत कोणीच काही गमावले नाही. यंत्राचा आकडा मात्र काळ्याची आघाडी आणखी वाढल्याचे दाखवेल, आणि हा फरक कुठून आला ते शोधणे हाच या डावातला सर्वांत चांगला अभ्यास आहे.

उत्तर दोन कोपऱ्यांत आहे. ए८ वरच्या पांढऱ्या घोड्याला बाहेर पडायला बी६ आणि सी७ ही दोनच घरे आहेत. बी६ वर ए७ चे प्यादे आणि सी५ चा उंट टपलेले आहेत. सी७ वर काळ्या राजाची नजर आहे, कारण शह चुकवताना तो नेमका डी७ ला गेला. त्या एका चालीने शहही टळला आणि घोड्याची वाटही बंद झाली. ए१ वरच्या काळ्या घोड्यालाही बी३ आणि सी२ ही दोनच घरे आहेत. बी३ वर पांढऱ्याचा ताबा आहे, पण सी२ वर पांढऱ्याचा एकही मोहरा रोख धरत नाही, आणि तिथे परतताना तो घोडा ई१ च्या हत्तीवर पुन्हा हल्लाही करतो. एक घोडा अडकला, दुसरा धमकी देत सुटतो. काळा जी८ चा घोडा बाहेर काढून एच८ च्या हत्तीला आठव्या ओळीत वाट देईल आणि ए८ चा घोडा उचलेल.

आलेखात दहाव्या चालीची पायरी सातव्या चालीच्या मानाने लहान दिसते. एखादी चूक किती गंभीर आहे हे अनेक संकेतस्थळे जिंकण्याची शक्यता किती घटली यावरून ठरवतात. आधीच हरत असलेल्या स्थितीत घटायला फारसे उरलेले नसते, म्हणून अशा चालीला सौम्य खूणही मिळू शकते. पण आपली धमकी दिसली की समोरच्याची दिसेनाशी होणे ही विचारातली खोड आहे आणि ती वरच्या पातळीपर्यंत खेळाडूचा पिच्छा पुरवते. अचूकतेच्या टक्केवारीवर माझा विश्वास कमी आहे तो यामुळेच. सोप्या, एकमार्गी डावात ती आपोआप चढते आणि गुंतागुंतीच्या डावात धडपडून शिकणाऱ्याची उतरते.

म्हणून क्रम असा ठेवावा. डाव संपल्यावर यंत्र लगेच सुरू करू नये. आधी पट मांडून डाव पहिल्यापासून खेळावा आणि जिथे शंका आली होती, घाई झाली होती किंवा समोरच्या चालीचे आश्चर्य वाटले होते, तिथे आपल्या शब्दांत एकेक ओळ लिहावी. स्पर्धेत माणसांमध्ये डाव झाला की दोघे खेळाडू बसून चर्चा करतात, ‘मला या चालीची भीती वाटत होती’ असे एकमेकांना सांगतात. यंत्राकडून ती अर्धी बाजू कधीच मिळत नाही, त्यामुळे स्वतःची अर्धी बाजू नीट नोंदवणे अधिक गरजेचे ठरते. त्यानंतर यंत्र सुरू करून त्याच्या खुणा आपल्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. जिथे यंत्राने मोठी चूक दाखवली पण आपल्याला काहीच खटकले नव्हते, ती जागा प्रथम अभ्यासावी. यंत्राने सुचवलेली चाल पटली नाही, तर तिच्याविरुद्ध आपल्याला योग्य वाटणारे उत्तर खेळून पाहावे. यंत्र ते कसे खोडते यातून कारण बाहेर येते.

या डावापुरते सांगायचे तर दहाव्या चालीपूर्वीची स्थिती पुन्हा मांडावी, उंट बी३ खेळावा आणि तिथून त्याच पातळीच्या संगणकाशी डाव पुढे न्यावा. एक घोडा कमी आहे, पण दोन्ही हत्ती, दोन्ही उंट आणि एक घोडा शाबूत आहेत, आणि अशा पातळीचे यंत्र सहाव्या चालीसारखी संधी पुन्हा देण्याची शक्यता बरीच असते. ती या वेळी दिसते का, हे प्रत्येक चालीला जोर मोजत पाहावे.